आधी मुकादमाचा मास्क

श्रोतेहो, नमस्कार.

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर गेलात, तर देठ खुडायला बसलेल्या प्रत्येक बाईचे तोंड बांधलेले दिसेल. तिथे पाटी नसते, दंड नसतो, कोणी ओरडत नाही. तोंड उघडे ठेवले की ठसका त्याच क्षणी लागतो, त्यामुळे सांगावे लागतच नाही. साथीच्या आजाराचे मात्र उलटे आहे. त्याचा ठसका चार-पाच दिवसांनी लागतो, आणि पुष्कळदा तोंड उघडे ठेवणाऱ्याला न लागता त्याच्या घरातल्या म्हातारीला लागतो. म्हणून तिथे नियम करावा लागतो आणि तो पाळून घेणारा माणूस लागतो.

महाराष्ट्रात मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ ला उठली, गुढीपाडव्याच्या दिवशी. पण क्षयरोग गेलेला नाही, फ्लूच्या साथी येतच असतात. तेव्हा जिनिंग, दालमिल, यंत्रमाग, केळीचे पॅकिंग, जिथे माणसे खांद्याला खांदा लावून काम करतात तिथे हा नियम पुन्हा कधीही काढावा लागेल. तो पाळला कोणामुळे जातो आणि मोडतो कशामुळे, हे आज सांगायचे आहे. त्यासाठी तुम्हाला खूप लांब, चीनच्या ईशान्येला घेऊन जातो.

साल १९१०, डिसेंबर महिना. मांचुरियातले हार्बिन हे रेल्वेचे गाव, आपल्या भुसावळसारखे जंक्शन. थंडी उणे वीस-तीस अंशांची. तार्बगान नावाचा घुशीपेक्षा बराच मोठा, केसाळ प्राणी तिथल्या माळावर असतो. त्याच्या कातड्याला भाव आला होता आणि त्याच्या शिकारीला हजारो मजूर गेले होते. त्यांच्यात प्लेग शिरला आणि रेल्वेने हार्बिनला आला. माणूस खोकू लागायचा, थुंकीत रक्त दिसायचे आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपायचा.

सरकारने तिथे पाठवला एक तरुण डॉक्टर, वू लिएन-तेह. वय ३१. जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचे, आणि नोकरी तिआनजिनच्या लष्करी वैद्यकीय विद्यालयात. २४ डिसेंबरला तो हार्बिनला उतरला. काही दिवसांतच त्याने मेलेल्या एका बाईचे शवविच्छेदन केले, आणि फुप्फुसांत प्लेगचे जंतू भरलेले सापडले. उंदीर तपासले, तर त्यांच्यात प्लेग सापडेना.

आता आपल्याकडचा प्लेग आठवा. १८९६ ला मुंबईत आला आणि पुढे गावोगावी पसरला. घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे. उंदीर, पिसू, मग माणूस, अशी त्याची वाट होती. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना हीच वाट माहीत होती. वू म्हणाला, इथे उंदीर मध्ये नाहीच. हा प्लेग माणसाच्या खोकल्यातून थेट दुसऱ्या माणसाच्या श्वासात जातो आहे. तोंड-नाक बांधा, सगळ्यांनी बांधा.

त्याने मास्कही अगदी साधा बनवला. जखमेला बांधतात ती जाळीदार पट्टी घ्यायची, दुहेरी घडी करायची, मध्ये कापसाची चपटी गादी ठेवायची, आणि पट्टीची टोके फाडून त्यांचे बंद डोक्यामागे बांधायचे. कापूस आणि जाळीचे कापड, इतकेच. कापसाच्या मुलखातल्या आपल्या श्रोत्यांना हे सांगताना मला फार बरे वाटते.

याच वेळी मेस्नी नावाचे एक फ्रेंच डॉक्टर तिथे आले. वयाने मोठे, तिआनजिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक, प्लेगच्या साथीत प्रत्यक्ष काम केलेले. वूने त्यांना मास्कचे सांगितले. त्यांना राग आला. कालचा पोरगा आपल्याला प्लेग शिकवतो म्हणजे काय! वाद इतका पेटला की वूने राजीनाम्याची तार केली. बेजिंगने वूलाच कामावर कायम ठेवले. मग मेस्नी आपले आपण रशियन रुग्णालयात गेले. अंगात पांढरा डगला होता, डोक्याला टोपी होती, हातांत मोजेही होते, पण तोंडाला काही नव्हते. तसेच ते रोग्यांवर वाकले, त्यांची छाती तपासली.

आठवड्याच्या आत मेस्नी गेले. जानेवारी १९११ ची ही गोष्ट.

आणि मग हार्बिनच्या रस्त्यावर जो तो तोंड बांधून फिरू लागला. वूच्या सांगण्याने जे झाले नव्हते, ते त्या मृत्यूने झाले. त्या डॉक्टरांची मला फार हळहळ वाटते. ते भित्रे नव्हते, अडाणी तर नव्हतेच. त्यांचा जुना अनुभवच त्यांच्या आड आला.

पुढे वूने गावाचे चार भाग पाडले, प्रत्येक भागाच्या लोकांना वेगळ्या रंगाचे बिल्ले दिले. रोग्यांच्या संपर्कातल्या लोकांना ठेवायला रेल्वेचे मालडबे मागून घेतले आणि रोज त्यांचा ताप-नाडी तपासली. १ मार्च १९११ नंतर हार्बिनमध्ये नवा रोगी नाही. तोवर मांचुरियात साठ हजारांच्या आसपास माणसे गेली होती.

ही गोष्ट एवढी लांबवली, कारण प्रत्येक कारखान्यात एक मेस्नी असतो. बहुधा तो मुकादम असतो, जुना फिटर असतो, नाहीतर खुद्द शेठ. "मला काही होत नाही" म्हणणारा, आणि ज्याच्याकडे बघून बाकीचे चाळीस जण वागतात तो. म्हणून पहिला मास्क मुकादमाच्या तोंडावर. पुन्हा सांगतो, पहिला मास्क मुकादमाच्या तोंडावर, आणि शेठजी आत आले तर त्यांच्याही. उघड्या तोंडाने दंडाची पावती फाडणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. मजुराच्या हजेरीतून दंड कापणे तर मला मुळीच मान्य नाही. दंडाने गेटवरचे मास्क वाढतात, आतले वाढत नाहीत.

आता मोडतो कशामुळे, ते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. घामाने मास्क दोन-अडीच तासांत ओला होतो, ओल्यातून श्वास ओढवत नाही, आणि तो हनुवटीवर येतो. म्हणून उन्हाळ्यात आठ तासांच्या पाळीला माणशी तीन मास्क धरा. चाळीस माणसे, तीन मास्क, सव्वीस दिवस: तीन हजार एकशे वीस झाले. पन्नासचा खोका असतो, म्हणजे त्रेसष्ट खोके मागवा. ते कुलपात ठेवू नका, टाइमकीपरच्या खिडकीत ठेवा. मागायची लाज वाटली की माणूस ओलाच वापरतो.

घालताना नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची. चष्म्यावर वाफ आली तर वरून हवा फुटते आहे. एन-९५ घालायचा असेल तर दाढी असलेल्याच्या गालाला तो नीट बसत नाही. आणि झडपवाला मास्क साथीत नको, त्यातून आपला उच्छ्वास न गाळता समोरच्यावर जातो.

उपरणे, ओढणी, गमछा पट्ट्याजवळ, रोलरजवळ बिलकूल नको. लोंबते टोक पट्ट्यात गेले तर मान ओढली जाते. तिथे कानाला अडकवायचा मास्कच हवा. जिनिंगमध्ये आणखी एक: सॅनिटायझरमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असते आणि आजूबाजूला रुईचा तुस. ठिणगी पुरते. तिथे साबण आणि पाणीच ठेवा.

जिनिंगचा विषय निघाला आहे तर, मूळ विषय सोडून एक सांगू द्या. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशीच छाती आवळते आणि पुढे दोन दिवसांत बरे वाटते, असे कोणी सांगितले तर ते कामचुकारपणाचे सोंग समजू नका. कापसाच्या बारीक धुळीच्या आजाराची ती ठरलेली खूण आहे. त्याला डॉक्टरकडे पाठवा आणि धूळ यंत्रापाशीच ओढून घेणारा पंखा बसवा.

यंत्रमागावर आवाजामुळे माणूस बोलायला मास्क खाली ओढतो. हाताच्या पाच-सहा खुणा ठरवून घ्या: सूत तुटले, माग बंद, पाणी, मेकॅनिकला बोलवा. मग तोंड उघडायची वेळ कमी येते.

खरी लागण मात्र डबा खाताना होते. मास्क उतरतात, माणसे गोलात बसतात, गप्पा रंगतात. दहा-दहाच्या तुकड्या करा, वीस मिनिटांची एक, सगळ्यांची तोंडे एका दिशेला. उतरवलेला मास्क गळ्यात नाही, ताटाशेजारी नाही, कागदी पिशवीत.

कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली, तर बाहेरची ताजी हवा आत येते. तोच कूलर खोलीच्या कोपऱ्यात ठेवून दारे लावली, तर तो तीच उच्छ्वासाची हवा फिरवत राहतो. कूलर खिडकीत, समोरची खिडकी उघडी. एवढे लक्षात ठेवा.

ताप बघायचे पिस्तूल उन्हातून आलेल्या कपाळावर चुकते. आधी दहा मिनिटे सावलीत बसवा. आणि गोळी घेऊन आलेल्याचा ताप त्यात दिसतच नाही. पगार कापला की ताप लपतो, हे पक्के समजा. तापाच्या रजेचा पगार द्या, मग माणूस स्वतःहून सांगेल.

फरशी पुसायला पाच टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचा एक भाग आणि पाणी चार भाग, म्हणजे एक टक्का झाला. रोज ताजा करा, आणि त्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

फेरी मारायची ती अकराला एक आणि पाळी सुटण्याआधी अर्धा तास एक. वहीत नावे लिहू नका. इतक्यांपैकी इतक्यांचा मास्क नाकावर, आणि खाली असेल तर का: ओला होता, बंद तुटला, फोन आला, आवाजामुळे. आठवडाभराने ती वही घेऊन मुकादमाबरोबर बसा. ज्या कारणापुढे सर्वांत जास्त खुणा असतील, त्याची सोय दुसऱ्या दिवशीच्या पाळीआधी झाली पाहिजे.

नमस्कार.