आईवेल

नमस्कार श्रोतेहो.

बियांची द्राक्षं शेवटची कधी खाल्लीत, आठवतंय? माझ्या लहानपणी नाशिकच्या बाजारात भोकरी यायची, फकडी यायची. बी चावलं की तुरट लागायचं आणि आम्ही पोरं अंगणात बिया थुंकायच्या शर्यती लावायचो. मग थॉमसन आली, सोनाका आली, तास-ए-गणेश आली आणि बी गेलं. गिऱ्हाइकाला बी नको होतं, हे खरं. पण बियांबरोबर द्राक्षाचा भरदार स्वादही गेला, असं माझं ठाम मत आहे. मुलांना वर्षातून एकदा तरी बियांचं द्राक्ष खायला द्या. असो. आजची गोष्ट बियांच्याच द्राक्षाची आहे, आणि ती अमेरिकेत लॉस एंजेलिसला घडते.

माझी लेक तिकडे असते. ऑगस्टअखेर मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिनं मला ओल्वेरा स्ट्रीटला नेलं. जुन्या गावाचा तो भाग. तिथं आव्हिला अडोबी नावाचं १८१८ सालचं कच्च्या विटांचं घर आहे, शहरातलं सर्वांत जुनं उभं घर. घराच्या अंगणात मांडव, आणि मांडवावर द्राक्षाची वेल. खोड माझ्या मांडीएवढं. खाली फरशीवर काळे मणी पडलेले, चपला चिकटत होत्या. मी एक मणी उचलला, पुसला, तोंडात टाकला. बी होतं! लेक म्हणाली, "आई, काय करतेस, लोक बघतायत." बघू देत.

आता या वेलीची हकीकत. कितीतरी वर्षं ती तिथं नुसती सावलीसाठी होती. कोणती जात, कोणी लावली, कोणी विचारलं नाही. विचारलं ते शहराच्या दप्तरखान्याचे अधिकारी मायकल हॉलंड यांनी. दिवसभर जुनी कागदपत्रं सांभाळायची आणि घरी हौसेनं वाईन करायची, असा हा माणूस. सरकारी नोकरीतल्या माणसाला एखादा असा छंद हवाच. आपल्याकडे तलाठ्याला, ग्रामसेवकाला श्वास घ्यायला वेळ नसतो, मग गावातलं जुनं झाड कोणाच्या नजरेला पडणार? तर, हॉलंड यांनी त्या वेलीचे नमुने डेव्हिसच्या विद्यापीठात पाठवले. द्राक्षशास्त्रासाठी ते जगभर नावाजलेलं आहे. तिथं डीएनए तपासला. आणि जुळला कशाशी? तिथून काही मैलांवरच्या सान गाब्रिएल मिशनमधल्या, म्हणजे पाद्र्यांच्या जुन्या मठातल्या, म्हाताऱ्या वेलीशी. त्या वेलीला लोक 'विन्या माद्रे' म्हणतात. विन्या माद्रे, म्हणजे आईवेल.

इथं जरा मागं जाऊ. १७६९ साली स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्री मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियात आले आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं त्यांनी एकवीस मिशनं उभारली. सान गाब्रिएल १७७१ सालचं. प्रार्थनेला वाईन लागते, म्हणून द्राक्षाच्या काड्या आणल्या. त्या जातीला नावच पडलं मिशन. चिलीत हीच पाईस, अर्जेंटिनात क्रिओया चिका. मूळ गाव कोणतं, हे मात्र २००७ साली कळलं. स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ही लिस्तान प्रिएतो. स्पेनच्या मुख्य भूमीवरून ती जवळजवळ गेलेली, कॅनरी बेटांवर तगून राहिलेली. समुद्रापार, शेकडो वर्षांनंतरही तीच वेल कशी? कारण ती काडीवरून गेली. काडी लावली तर तीच वेल, बी रुजलं तर नवी. हे एवढं लक्षात ठेवा. काडी लावली तर तीच, बी रुजलं तर नवी.

आणि बागा पाद्र्यांच्या म्हणतात, पण कुदळ पाद्र्यांच्या हातात नव्हती. काम केलं तिथल्या मूळनिवासी टोंग्वा लोकांनी, आणि ते काही राजीखुशीनं नव्हतं. पुढं मिशनांच्या जमिनी गेल्या, अमेरिकेचं राज्य आलं, तरी त्यांचे हाल संपले नाहीत. मूळनिवासींबद्दलच्या १८५० च्या कायद्यानंतर लॉस एंजेलिसमध्ये रविवारी नशेत सापडलेल्या मूळनिवासींना पकडायचे आणि सोमवारी आठवडाभराच्या कामासाठी बागवाल्यांना लिलावात द्यायचे. मजुरी म्हणून बऱ्याचदा पुन्हा दारूच हातावर ठेवायचे. वाईनच्या इतिहासाची सुंदर चित्रं छापणाऱ्यांनी हे पान गाळू नये.

तर, आईवेल. तुम्हाला वाटेल, ती शुद्ध मिशन असणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण डीएनए वेगळंच सांगतो. तिच्या आईबापांपैकी एक पाद्र्यांची मिशन, आणि दुसरी तिथल्याच ओढ्याकाठी वाढणारी रानद्राक्षाची वेल! म्हणजे ही काडीवरची नक्कल नव्हे, ही बियातून आलेली. कधीतरी बागेतल्या फुलाला रानातला पराग लागला, बी पडलं, रुजलं, आणि कोणीतरी ते रोप ठेवलं. मग तिच्याच काडीतून ओल्वेरा स्ट्रीटची वेल. शास्त्रज्ञांच्या भाषेत संकर. त्या मांडवाखाली उभं राहून मला मात्र ते लग्नच वाटलं, घरच्यांना न विचारता झालेलं.

ती जगली कशी, हाही प्रश्नच आहे. १८८० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात एक रोग आला. आज त्याला पिअर्सचा रोग म्हणतात. तुडतुड्यासारखे किडे एक जिवाणू पसरवतात, तो खोडातल्या पाण्याच्या वाटा बुजवतो आणि वेल तहानेनं मरते. हजारो एकर बागा गेल्या. त्या भागातल्या रानवेलींना हा रोग सोसतो. आईवेलीला ते रक्त कामी आलं असावं, असं मला वाटतं. डेव्हिसच्या संशोधकांनी अलीकडे रानवेलींशी संकर करूनच या रोगाला दाद न देणाऱ्या वाईनच्या पाच नव्या जाती काढल्या आहेत.

आता या जुन्या वेलींच्या द्राक्षांची पुन्हा अँजेलिका करतात. गोड रसात ब्रँडी घालायची की रस आंबायचा थांबतो, आणि अशी वाईन दशकानुदशकं टिकते. नाव लॉस एंजेलिसवरूनच. चिलीत, मौले आणि इताता खोऱ्यांत, पाईसच्या शे-दोनशे वर्षांच्या झुडपी वेली आहेत, मांडव नाही, तार नाही. ती द्राक्षं वर्षानुवर्षं मातीमोल गेली. आता तिथं मिगेल तोरेससारखी मोठी कंपनी पाईसची फेसाळ वाईन काढते आणि तरुण मंडळी पिपेन्यो नावाची गावठी वाईन अभिमानानं बाटलीत भरतात. त्यातला पैसा म्हाताऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोचावा, एवढंच माझं मागणं.

त्या रात्री मी पिंपळगावला धाकट्या भावाला फोन लावला. त्याची चार एकर बाग आहे. सगळं ऐकून घेतलं त्यानं, आणि पहिला प्रश्न काय? "ताई, खुंट कोणता गं?"

म्हटलं, "खुंट नाही रे. स्वतःच्याच मुळावर उभी आहे."

तो गप्प झाला. त्याची सगळी बाग डॉगरीजवर आहे, तुमच्यापैकी अनेकांची असेल. आपण आधी डॉगरीजचा खुंट लावतो, मग वर थॉमसनचं कलम भरतो. आणि डॉगरीज मूळची कुठली? टेक्सासची, अमेरिकेच्या रानातली. म्हणजे पाणी कमी पडलं, जमीन खारावली, तेव्हा आपल्याही बागा रानवेलीनंच सावरल्या.

हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "छाटणी कधी घेतात?"

"हिवाळ्यात. वर्षातून एकदाच."

"एकदाच? एप्रिलची खरड छाटणी नाही?" मग जरा थांबून म्हणाला, "ताई, तो मणी खाल्लास ना, त्याचं बी काय केलंस?"

मी ते मांडवाच्या कडेला, मातीत टाकलं होतं.