पुढचं गाव कोणतं?

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो, राम राम.

एखाद्या गावात पाण्याचं किंवा पिकाचं काम चांगलं झालं की आजूबाजूच्या गावांतून मागणी येते, आमच्याकडंही तसंच करून द्या. मागणीत वावगं काही नाही. ज्याच्या विहिरीनं होळीआधीच तळ दाखवला त्यानं मागायचं नाही तर कुणी मागायचं? पण आज मला बोलायचंय ते त्यापुढच्या प्रश्नावर. झालेलं काम पुढं न्यायचं तर न्यायचं कुठं? शेजारच्या गावात? रस्त्यावरच्या गावात? वजनदार पुढाऱ्याच्या गावात? की जमीन, पाऊस आणि माणसं ज्या गावाची जुळतात तिथं?

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं काम आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलंय. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004च्या सुमारास तिथं नाले खोल आणि रुंद करायला घेतले, त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले. बघायला लोक लांबून आले. पण बंधाऱ्याचा फोटो काढून परत जाणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. एकाच तालुक्यात तिथं दोन वेगळ्या जमिनी आहेत. तापीकाठी गाळाची जमीन. तिच्यात पिवळ्या मातीचा जाड थर असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही, आणि त्याच्या खाली वाळू-गोट्यांचे थर असतात. तिथं काम कसलं? पिवळी माती कापायची आणि पाणी वाळूला नेऊन भिडवायचं. दुसरीकडं काळा पाषाण. तिथं पाणी मुरतं ते मुरमातून, मांजऱ्यातून म्हणजे मऊ, भुसभुशीत खडकातून, आणि पाषाणाच्या फटींतून. बंधारा वरून सारखाच दिसतो, पण खालचं काम वेगळं.

म्हणजे शिरपूरच्या तापीकाठच्या कामाचे खरे सोयरे कोण? चोपडा, यावल, रावेर, शहादा या तालुक्यांतली गाळाच्या पट्ट्यातली गावं. आणि शिरपूरहून धुळ्याकडं निघालात, तापीचा पूल ओलांडला, की शिंदखेडा तालुका लागतो. अगदी समोरासमोर. पण नदीकाठची पट्टी सोडून थोडं आत गेलात की पायाखाली पाषाण. जवळचं गाव म्हणजे सारखं गाव असं धरून चालू नका. पुन्हा सांगतो, जवळचं गाव म्हणजे सारखं गाव असं धरून चालू नका.

आता एक हकीकत सांगतो. मी जिथं जातो तिथं ही सांगतो, कारण ती ऐकल्यावर मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शिंदखेडा तालुक्यातलं, तापीपासून आत असलेलं एक गाव. दसऱ्यानंतर तिथली मंडळी जीप करून शिरपूरकडं गेली. बंधारे तुडुंब भरलेले पाहिले, आणि परत येताना जीपमध्येच ठरलं, आपणही करायचं. कापसाचा पहिला वेचा विकून लोकांनी वर्गणी दिली. पोकलेन आणलं. गावाखालचा नाला निवडला, कारण तिथवर मशीन जायला पांदण रस्ता होता. लक्षात घ्या, जागा निवडली ती रस्त्यासाठी. पुढच्या पावसाळ्यात बंधारा भरला. बायाबापड्यांनी खणानारळानं ओटी भरली, सगळं गाव काठावर जमलं. दिवाळीत पाणी तसंच होतं, मार्गशीर्षात तसंच. आणि बांधालगतच्या विहिरी? त्या दरवर्षीसारख्याच संक्रांतीला आटल्या. बंधाऱ्यातलं पाणी म्हशींनी प्यायलं, बाकीचं उन्हानं नेलं. जमिनीत काही गेलं नाही.

गावात कुरबुर सुरू झाली. ज्यांनी वर्गणी दिली ते ज्यांनी गोळा केली त्यांच्याकडं बघेनात. मग पारावर बैठक बसली. त्या बैठकीत एक म्हातारे आबा होते. त्यांचं आयुष्य विहिरी खोदण्यात गेलेलं. पहार, सुरुंग, क्रेन, सगळ्या जमान्यांत त्यांनी काम केलेलं, शिवारातल्या निम्म्या विहिरी त्यांच्या हातच्या. सगळे बोलून झाले तेव्हा ते म्हणाले, "नालाले इचारू नका भो, हिरले इचारा. पाणी कथा जास, ते पहिले देखा."

नाल्याला विचारू नका, विहिरीला विचारा. पाणी कुठं जातं ते आधी बघा.

दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं कामाला लागली. सुतळीला दगड बांधला, हाताहातावर गाठी मारल्या आणि एकेका विहिरीत सोडायला सुरुवात केली. पाणी किती गाठींवर, मोटार बंद केल्यावर रात्रीतून किती चढतं, गेल्या साली कोणत्या महिन्यात आटली. बरीच माहिती घरच्या बायांनी सांगितली, कारण धुणं आणि गुरांचं पाणी त्यांच्याकडं. शाळेच्या भिंतीवर खडूनं यादी मांडली. वडाची विहीर, पाटलाच्या मळ्याची विहीर, खालची विहीर, अशी नावं आणि पुढं गाठी.

यादी पुरी झाली तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. शिवाराच्या एका अंगाला दोन विहिरी, हाकेच्या अंतरावर. वरच्या विहिरीला होळीपर्यंत पाणी, उतारावरच्या खालच्या विहिरीला संक्रांतीलाच खडखडाट. पाणी तर उताराकडं धावतं. मग खालची विहीर आधी का आटावी?

आबा पोरांना त्या खालच्या विहिरीवर घेऊन गेले. विहीर बांधलेली नव्हती, उघडी होती, त्यामुळं आतली बाजू वरून खालपर्यंत दिसत होती. वर हात-दीड हात काळी माती. तिच्याखाली मुरूम. मग लालसर, हातानं चुरा होणारा मांजऱ्या. मग पाषाण. हे सगळे थर आडवे. पण वरच्या अंगाच्या बाजूला पाषाणाचा एक पट्टा उभा होता. आडव्या थरांना कापत वरून थेट तळापर्यंत गेलेला, आणि विटा रचाव्यात तसे त्याचे चौकोनी तुकडे एकावर एक बसलेले. आबा म्हणाले, ही विहीर खोदताना या बाजूला पहार लागेना, म्हणून आम्ही दुसरीकडं सरकलो. पलीकडं पाणी आणि अलीकडं कोरडं, मधे ही भिंत.

पुढं भूजल सर्वेक्षणाचे भूवैज्ञानिक आले, त्यांनी त्याला डाईक म्हणतात असं सांगितलं. फार पूर्वी खडकाला भेगा पडल्या, त्यांतून तप्त लाव्हा वर आला आणि तिथंच थिजला. धुळे-नंदुरबारकडं अशा भिंती पुष्कळ आहेत. बहुतेक पूर्व-पश्चिम जातात, काही कित्येक किलोमीटर लांब असतात. प्रत्येक भिंत पाणी अडवतेच असं नाही बरं का. भिंत तडकलेली असेल तर पाणी तिच्यातूनच वाहतं. ती अडवते की वाहू देते, हे विहिरीच सांगतात. म्हणून विहिरीला विचारायचं.

तर या गावातली भिंत पाणी अडवणारी होती, आणि पहिला बंधारा बांधला होता भिंतीच्या खालच्या अंगाला, टणक पाषाणात. पुढच्या साली त्यांनी भिंतीच्या वरच्या अंगाला काम केलं. काम लहान. नाल्यातला गाळ काढला, मुरूम उघडा केला, दोन छोटे बंधारे घातले. वरच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकायला लागलं. वर्गणी सगळ्यांची आणि पाणी वरच्यांनाच, हे बरोबर नाही असं खालच्यांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. तेव्हा वरच्या अंगाची एक विहीर गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी राखायची असं ठरलं. ते ठरलं म्हणून काम टिकलं, असं माझं ठाम मत आहे.

आणि आता मुद्द्याची गोष्ट ऐका. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. लेकी माहेरी आल्या. त्यातल्या एकीनं शाळेच्या भिंतीवरची यादी वाचली आणि म्हणाली, "आमनाकडे बी असंच शे." तिच्या सासरी वरच्या विहिरीला पाणी आणि खालच्या कोरड्या. तिचं सासर पश्चिमेला, मधे दोन-तीन गावं. पोरांनी मोटारसायकली काढल्या. काळ्या दगडांचा एक उंचवटा शेतांमधून, बांधांमधून पश्चिमेकडं जात होता, कुठं दिसायचा, कुठं नांगरटीत बुडायचा, आणि त्याच्या वरच्या अंगाला झाडं हिरवी. त्याचा माग काढत काढत ते जिथं पोचले, ते त्या लेकीच्या सासरचं शिवार.

म्हणजे या कामासाठी पुढचं गाव कोणतं? दक्षिणेला लागून असलेल्या गावात ती भिंत नव्हती. ते काम तिथं नेलं असतं तर पैसा पुन्हा उन्हात गेला असता. पुढचं गाव होतं दोन-तीन गावं सोडून, त्या लेकीच्या सासरचं, आणि मधली ती गावं, ज्यांच्या शिवारातून भिंत जाते. जिल्हा परिषदेच्या गटाची हद्द वेगळी, भिंतीची रेघ वेगळी. काम रेघेवरून पुढं गेलं. मला ही हकीकत फार प्रिय आहे, कारण पुढचं गाव शोधून दिलं एका माहेरवाशिणीनं.

म्हणून अभ्यास दौऱ्यांबद्दल माझं एक म्हणणं आहे. दौऱ्याच्या जीपमध्ये निम्म्या बाया हव्यात. आणि दौरा काढायचा तो मे महिन्यात. कार्तिकात खानदेशातलं कुठलंही शिवार हिरवंच दिसतं.

जमीन जुळली, म्हणून काम भागत नाही. पाऊस बघा. नवापूरकडं वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, शिंदखेड्यात पाचशेच्या आसपास. एकाच खानदेशात दुपटीचा फरक. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरातलं बारीपाडा हे गाव घ्या. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी तिथलं उजाड जंगल राखून पुन्हा उभं केलं, 2025 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. ते काम पारोळ्याला किंवा अमळनेरला उचलून नेता येणार नाही. तिथं ना तो पाऊस, ना पाड्याला लागून तसं जंगल. पण धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, साक्रीचा पश्चिम भाग, इथं असे पाडे आहेत जिथं जंगल उशाशी आहे, पाडा एका बैठकीत जमतो, आणि 2006च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मागता येतो. बारीपाड्याचे सोयरे तिथं शोधा. आणि न्यायचं काय? रोपं नव्हेत. कुऱ्हाडबंदी मोडली तर दंड, आणि दंड कुणालाही चुकत नाही, हा नियम न्यायचा.

माणसं जुळणं म्हणजे काय, ते पांझरा नदीवरच्या फडांवरून कळतं. साक्री तालुक्यातल्या समोड्यासारख्या गावांत काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. बंधाऱ्यावरून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एक पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. त्यातली मोठी खुबी अशी की शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असतो. ज्या साली पाणी कमी, त्या साली पंच एक फड पडीक ठेवतात, आणि तोटा सगळ्यांना सारखा बसतो. बंधारा दुसऱ्या नदीवर बांधता येतो, पण तुकड्यांची ती वाटणी आज नव्यानं करता येत नाही. मात्र टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यायची हा ठराव कुठल्याही पाणीवापर संस्थेला करता येतो, अगदी पहिल्याच बैठकीत.

बाजाराचंही तसंच. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. केळी पुढं शहाद्यापर्यंत पसरली, कारण पाणी, ठिबक आणि माल उचलणारी गाडी तिन्ही तिथवर गेली. रावेर-यावलकडं केळीच्या कडेनं शेवरी लावतात, उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याला आडोसा म्हणून. नव्या भागात काही जण केळी नेतात आणि शेवरी विसरतात. भरिताचं वांगं मात्र लांब नेऊन लावलं तर ती चव उतरते का, मला शंका आहे. आणि गॅसवर भाजलं तर ते भरीत नव्हे, हेही सांगून ठेवतो. काट्याकुट्यांच्या जाळावर, पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेलं, बडगीत म्हणजे लाकडी भांड्यात कुटलेलं आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी, तेच भरीत. असो.

तर यंदा आखाजीला एवढं करा. विहिरींचं पाणी तेव्हा खूप खाली गेलेलं असतं आणि लेकी घरी असतात. सुतळीला गाठी मारा, प्रत्येक विहिरीचं पाणी मोजा. वहीत तारीख, विहिरीचं नाव, पाणी किती हातांवर आणि आतले थर कोणते, हे लिहा. मग माहेरी आलेल्या लेकींना त्यांच्या सासरच्या विहिरींचं विचारा आणि तेही लिहा. पुन्हा सांगतो, तारीख, नाव, हात आणि थर. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरींचं पाणी वर्षातून चार वेळा मोजतात, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात. त्यांचे आकडे मागून घ्या आणि तुमच्या वहीशी ताडून बघा. त्यानंतरच्या ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा, आणि कामाची जागा ठरण्याआधी तिची नोंद इतिवृत्तात करून घ्या.

नमस्कार.