अडतीस मार्क आणि पाचशे रुपयांची कॉपी

(दृश्य: नौपाड्यातली गल्ली, अभ्यासिकेचा जिना, पायऱ्यांवर चपला)

ठाण्यात नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड या पट्ट्यात सकाळी फिरलात ना तर अभ्यासिकेबाहेरच्या चपला मोजूनच कळतं की सीएची परीक्षा किती जवळ आलीय. आज चपला कमी दिसतायत कारण आज रिझल्ट आहे, आणि रिझल्टच्या दिवशी पोरं घरीच बसतात, कोणाला भेटायचं नसतं, कोणाचा फोन घ्यायचा नसतो.

आपण जिच्याबरोबर आहोत ती कळव्याला राहते. नाव घेऊ नका म्हणाली, म्हणून नाही घेत. तिचा सीए फायनलचा पहिला ग्रुप, म्हणजे पहिले तीन पेपर. वेबसाईटवर रोल नंबर टाकायचा, रजिस्ट्रेशन नंबर टाकायचा आणि मग पान उघडेपर्यंत जो काही वेळ जातो तो जातो, त्याच्याबद्दल मी काय बोलणार, ज्यांनी ही परीक्षा दिलीय त्यांना माहितीये.

फायनान्शियल रिपोर्टिंग ५३. ॲडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट ६१. ऑडिट ३८.

आता बेरीज करा. १५२ होतात. ग्रुप निघायला ३०० पैकी १५० लागतात, म्हणजे टोटलला ती पास आहे. पण प्रत्येक पेपरला किमान ४० पाहिजेत, आणि ऑडिटला दोन कमी पडले. त्यामुळे अख्खा ग्रुप गेला. ६१ आहेत त्यामुळे त्या पेपरला एक्झम्प्शन मिळालं, तो परत द्यायचा नाही, पण ५३ वाला परत द्यायचा, कारण एक्झम्प्शनला ६० लागतात.

आईनं विचारलं, "निघाला का गं?" ती म्हणाली, "दोन मार्कांनी गेला." आई म्हणाली, "दोनच ना, मग तपासायला दे की परत!"

हे 'परत तपासायला दे' घराघरात बोललं जातं आणि इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून हा भाग मी जरा सावकाश सांगतो.

(दृश्य: तलावपाळी, संध्याकाळ, दोघी मैत्रिणी कट्ट्यावर)

इन्स्टिट्यूट म्हणजे आयसीएआय, सीएची परीक्षा घेणारी संस्था, १९४९ च्या कायद्यानं झालेली. तिचे १९८८ चे रेग्युलेशन्स आहेत, त्यातला ३९ नंबरचा नियम, त्याचा चौथा भाग, सीएची पोरं त्याला नुसतं 'थर्टी नाइन फोर' म्हणतात. त्यात काय आहे, तर रिझल्ट लागल्यापासून महिन्याभरात व्हेरिफिकेशनचा अर्ज करता येतो. एका पेपरला १०० रुपये, जास्तीत जास्त ४००. आणि व्हेरिफिकेशन म्हणजे काय, तर एखादं उत्तर तपासायचं राहून गेलं का, किंवा मार्कांची बेरीज चुकली का, एवढंच बघणार. चूक सापडली तर फी परत. पण परीक्षकानं तुमच्या उत्तराला सातपैकी दोन दिले आणि तुमचं म्हणणं आहे की पाच द्यायला हवे होते, तर त्याची दखल तिथं घेतली जात नाही. रिव्हॅल्युएशन नाही. दुसरा परीक्षक तो पेपर नव्यानं वाचणार नाही.

हे असं का, तर याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातच आहे. आपल्या एसएससी-एचएससी बोर्डाच्या विरुद्ध विद्यार्थी कोर्टात गेले होते, रिव्हॅल्युएशन द्या म्हणून, मुंबई हायकोर्टानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. नियमात रिव्हॅल्युएशन नसेल तर तो हक्क म्हणून मागता येत नाही, असा त्याचा अर्थ. लाखो पेपर परत परत तपासत बसलं तर रिझल्ट कधीच पक्का होणार नाही, हे त्यामागचं कारण मला समजतं. पण ज्या पोरीचे दोन मार्क कमी पडलेत तिला ते समजावून सांगणं फार जड जातं, आणि खरं सांगायचं तर मला वाटतं की निदान मार्क का कापले याची एक ओळ तरी मिळायला हवी. सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीत इन्स्टिट्यूटच्या ऑफिसबाहेर पोरं बसली होती ती याच नियमासाठी, मग समिती नेमली गेली. बरं, परीक्षेत बदलही झाले, आता ३० मार्कांचे एमसीक्यू, म्हणजे पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न असतात, आणि २०२५ मध्ये फायनल वर्षातून तीनदा झाली. पण रिव्हॅल्युएशन काही आलं नाही.

मग हातात काय राहतं? आपल्याच तपासलेल्या उत्तरपत्रिकेची कॉपी.

(दृश्य: लोकलची खिडकी, कळव्याची खाडी)

२०११ मध्ये सीबीएसईच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा विद्यार्थ्याला माहिती अधिकारात हक्क आहे. आणि इन्स्टिट्यूटची सर्टिफाइड कॉपीची स्वतःची पद्धतही आहे, एका पेपरला ५०० रुपये. व्हेरिफिकेशनला १०० आणि कॉपीला ५००, त्यामुळे पोरं स्वस्तातलं करतात आणि महागातलं सोडून देतात. तिनं दोन्ही केलं. सहाशे रुपये. तिचा स्टायपेंड किती आहे ते मी विचारलं नाही, पण आर्टिकलशिपमधल्या, म्हणजे सीएच्या ऑफिसात काम शिकणाऱ्या पोरांना सहाशे रुपये सहज खर्च करता येत नाहीत हे सगळ्यांना माहितीये.

तिला खात्री होती. ऑडिटच्या पेपरात शेवटी प्रोफेशनल एथिक्सवरचा, म्हणजे सीएनं धंद्यात कसं वागायचं त्या नियमांवरचा प्रश्न होता, तिचा सगळ्यात पक्का विषय, ती म्हणाली की ते उत्तर मी झोपेतही लिहीन, त्याच्यावरच माझे दहा मार्क होते.

व्हेरिफिकेशनचं उत्तर आलं. बदल नाही.

आणि मग कॉपी आली. नौपाड्यात अभ्यासिकेच्या टेबलावर तिनं पानं पसरली, शेवटच्या उत्तरावर गेली, आणि तिथं मार्कच नव्हते. शून्य पण नाही, काहीच नाही. ती ओरडलीच, "दादा, हे बघा, तपासलंच नाही! हे तपासलंच नाही यांनी!" अख्खी अभ्यासिका वळून बघायला लागली. हा दादा म्हणजे तिकडेच दोन वर्षं बसणारा एक सिनियर, पाच अटेम्प्ट झालेला, त्यामुळे सगळे त्याला विचारतात. त्यानं पानं शांतपणे पहिल्यापासून उलटली, मोजली, आणि विचारलं, "तू किती प्रश्न लिहिलेस?"

"सगळे. सहा."

"किती लिहायचे होते?"

लेखी भाग ७० मार्कांचा. पहिला प्रश्न कंपलसरी, बाकीच्या पाचातले कुठलेही चार. म्हणजे एकूण पाच. आणि प्रश्नपत्रिकेवर सूचना असते, दर वेळी असते, की जास्त प्रश्न लिहिले तर आधी लिहिलेले जेवढे हवेत तेवढेच धरले जातील, पुढचे सोडून दिले जातील. तिच्याकडे वेळ उरला होता म्हणून तिनं सहावा पण लिहिला, वाटलं जास्त लिहिलेलं कधी वाया जात नाही. सहावा म्हणजे तोच, एथिक्सवाला. तिचं सगळ्यात चांगलं उत्तर कोणीच वाचलं नाही, आणि नियमाप्रमाणे वाचायचंच नव्हतं. आधीचा जो प्रश्न धरला गेला त्याला तिला १४ पैकी ३ होते, तो तिनं नुसता भरायचा म्हणून भरलेला.

ती बराच वेळ काही बोलली नाही. दादानंच तिच्यासाठी चहा मागवला.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू, व्हेरिफिकेशनमधून तिला हे कधीच कळलं नसतं. 'बदल नाही' एवढे दोन शब्द आले असते आणि ती आयुष्यभर म्हणत राहिली असती की माझा पेपर नीट तपासला नाही. कॉपी होती म्हणून कळलं. अजून पण काय काय कळलं, एका ठिकाणी तिनं ऑडिटिंग स्टँडर्डचा, म्हणजे ऑडिट कसं करायचं त्या नियमाचा नंबर बरोबर लिहिला होता पण केसमधल्या कंपनीला तो कसा लागू होतो हेच लिहिलं नव्हतं, थेट निष्कर्ष, तिथं निम्मे गेले. दुसऱ्या उत्तरात तर ती प्रश्न सोडून भलतीकडेच गेली होती. घरी बसून सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे इन्स्टिट्यूटची नमुना उत्तरं वाचताना वाटतं की अरे हे तर मी लिहिलंय. स्वतःचं अक्षर समोर आल्यावर दिसतं की ते डोक्यात होतं, कागदावर आलंच नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, ३६, ३८, किंवा टोटलला १४७ वर अडकला असाल तर पाचशे रुपये घालवा आणि कॉपी मागवा. महिन्याच्या आत. आणि हो, उत्तराची वाट बघत पुढच्या अटेम्प्टचा फॉर्म भरायचा राहू देऊ नका, आधी फॉर्म, मग बाकी सगळं.

(दृश्य: परीक्षेचा दिवस, सेंटरच्या गेटबाहेर रिक्षा, आई डबा घेऊन)

पुढच्या अटेम्प्टला तिनं काय केलं ते तिनंच कॅमेऱ्यासमोर दाखवलं. पेपर लिहायच्या आधी पंधरा मिनिटं नुसती वाचायला मिळतात, त्यात तिनं पाच प्रश्न ठरवले, क्रम ठरवला, पक्का विषय आधी. सहाव्याकडे परत बघितलं नाही, हातात वीस मिनिटं उरली होती तरी नाही, ती वर्किंग नोट्स आणि कारणं नीट लिहिण्यात घातली.

ऑडिटला ५१ आले, फायनान्शियल रिपोर्टिंगला ४९, आणि एक्झम्प्शनचे ६१ धरून १६१. पहिला ग्रुप निघाला. दुसरा बाकी आहे.

(दृश्य: अभ्यासिका, टेबलावर कोपरे दुमडलेली पानं)

ती ३८ मार्कांची कॉपी तिनं टाकली नाही. अभ्यासिकेत ऑडिटला बसणारं कोणी नवीन आलं की ती देते, शेवटचं उत्तर आधी बघायला सांगते. गेल्या आठवड्यात ती डोंबिवलीहून येणाऱ्या एका मुलाकडे होती, आता खारेगावच्या एका मुलीकडे आहे, शुक्रवारी परत आणून देणार आहे.