पडद्यावरची वर्दी आणि नाशिकचा पत्ता

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे नाशिककरांच्या भाषेत गोल्फ क्लबवर, उजाडण्याआधीच धावणाऱ्या मुलामुलींची वर्दळ सुरू होते. कुणी गोळाफेकीचा सराव करत असतो, कुणी लांब उडीचा. येथून थेट अभ्यासिका गाठायची असल्याने पाठीवरच्या पिशवीत चालू घडामोडींचे पुस्तकही असते. पोलीस उपनिरीक्षक व्हायचे आहे, हे यांतले अनेक जण विचारताक्षणी सांगतील. पण हे कधी ठरले, असे विचारले की माणूस थोडा घुटमळतो, आणि मग कितीदा तरी लहानपणी पाहिलेल्या एखाद्या मालिकेचे नाव निघते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर उपग्रह वाहिन्या येईपर्यंतच्या काळात घरातल्या संचावर काय पाहायचे हा प्रश्नच नव्हता. जे लागेल ते आजीपासून नातवापर्यंत सगळेच पाहत. १९८९ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘उडान’ ही मालिका अशीच घराघरांत पाहिली गेली. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यातली कल्याणी सिंह ही पोलीस अधिकारीही त्यांनीच साकारली. या पात्रामागे त्यांच्या थोरल्या भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य यांचे आयुष्य होते. किरण बेदी यांच्यानंतर भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या त्या दुसऱ्या महिला, आणि २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्यावर देशात त्या पदावर पोहोचलेल्या पहिल्या महिला.

मात्र मालिका पाहून एखादीला वर्दीची ओढ लागली, तरी पुढचा रस्ता मालिका बांधून देत नाही. महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण १९९४ मध्ये आले आणि शासकीय नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या. ‘उडान’ पाहताना दहा-बारा वर्षांची असलेली मुलगी तेव्हा महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर होती. त्यातही ती नाशिकची असेल, तर तिला आणखी एक गोष्ट आयती मिळाली होती. राज्यभरातून थेट भरतीने निवडलेले उपनिरीक्षक ज्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत घडतात, ती त्र्यंबक रस्त्यावर, तिच्याच शहरात आहे. पडद्यावर दिसलेल्या कामाचे फाटक रोज बसच्या खिडकीतून दिसणे, याचे मोल आपण फार कमी धरतो, असे आम्हाला वाटते.

१९८९ मध्येच आलेल्या ‘फौजी’ या लष्करी प्रशिक्षणावरच्या मालिकेबद्दलही हेच म्हणता येईल. इतर गावांतल्या मुलांसाठी ते छावणीचे जग दूरचे असेल. येथे देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, गांधीनगरला सैनिकी वैमानिक घडवणारी शाळा आणि डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेले भोसला सैनिकी विद्यालय आहे.

अशा आठवणींवर कितपत विसंबायचे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेतल्या डॉ. डेना स्कली या डॉक्टर असलेल्या तपास अधिकारी महिलेच्या पात्राविषयी २०१८ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या महिलांपैकी ६३ टक्के जणींनी, स्कली हे पात्र आपल्यासाठी आदर्श ठरले, असे सांगितले. आकडा मोठा आहे; पण मोठेपणी मागे वळून सांगितलेली गोष्ट आहे, हेही लक्षात ठेवावे लागते. यशस्वी माणूस आपल्या प्रवासाची सुरुवात शोधतो आणि त्याला एखादी मालिका सापडते. तीच मालिका पाहून बँकेत किंवा शेतीत गेलेल्यांना कुणी विचारायला जात नाही.

शिवाय मालिका काम दाखवते, तेही निवडक. सोनी वाहिनीवर १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युमन यांनी प्रश्न विचारायचा अवकाश, डॉ. साळुंखे सूक्ष्मदर्शकातून मान वर करून उत्तर देत. खऱ्या न्यायसहायक वैज्ञानिक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत दिवसाची सुरुवात सूक्ष्मदर्शकाने होत नाही. पोलीस ठाण्याचा कर्मचारी लाखेच्या मोहरेने बंद केलेले पुडके घेऊन येतो. पुडक्यावरची मोहर सोबतच्या नमुना मोहरेशी जुळते का, ती शाबूत आहे का, पत्रातला गुन्हा क्रमांक आणि वेष्टनावरचा मजकूर एकच आहे का, हे सगळे तपासून नोंद होते. मोहर तुटलेली निघाली, तर आतला रक्ताचा नमुना कितीही बोलका असला तरी न्यायालयात बचाव पक्षाचे वकील नेमके तेथेच बोट ठेवतात. या कामाला चिकाटी लागते आणि सुवाच्य हस्ताक्षरही! मालिकेत यातले काही दिसत नाही. दाखवले असते तर पहिल्या दहा मिनिटांतच प्रेक्षकांनी वाहिनी बदलली असती, हेही खरे.

तरीही रसायनशास्त्र शिकून गुन्ह्याच्या तपासात काम करता येते, एवढी बातमी त्या मालिकेने असंख्य घरांत पोहोचवली. डॉक्टर आणि इंजिनिअर यांपलीकडचा पर्याय मुलाने मांडला, तर निदान आईवडिलांना तो कशाबद्दल बोलतो आहे हे कळू लागले. आता या कामाची गरजही वाढते आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले असून, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. नाशिकमध्ये न्यायसहायक विज्ञानाची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. मात्र या विषयाच्या शासकीय संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. त्यामुळे तेथे प्रवेश घेणाऱ्या नाशिकच्या मुलीला आधी शहर सोडावे लागते, आणि घरातली खरी चर्चा मालिकेवर नव्हे, तर वसतिगृहाच्या खर्चावर होते.