कोयुकुकच्या काठचे सिडनी

नमस्कार श्रोतेहो. आज अलास्कातल्या सिडनी हंटिंग्टन यांच्याबद्दल सांगायचंय.

१९१५ साली कोयुकुक नदीकाठच्या ह्यूज गावी त्यांचा जन्म झाला. वडील गोरे व्यापारी, आई ॲना कोयुकॉन अथाबास्कन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीतली. ॲना मोठी खमकी बाई. एका खटल्यात साक्षीसाठी तिला दूर समुद्रकाठच्या नोम गावी नेलं होतं. तिथून ती परक्या मुलखातून शेकडो मैल पायी चालत आपल्या माणसांत परतली.

१९२० साली वडील बाहेर गेलेले असताना हीच ॲना अचानक वारली. घरात पाच वर्षांचा सिडनी, त्याच्याहून लहान जिमी आणि धाकटी मॅरियन. आजूबाजूला हाकेला ओ देणारं कुणी नाही. आपल्याकडे पाच वर्षांच्या पोराला बुटाची नाडी आपण बांधून देतो. या पोरानं जवळजवळ दोन आठवडे, आईचं शव जवळ असताना, दोन भावंडांना जगवलं! मग कुठं माणसं पोचली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो होतो.

पुढं शाळेत तिसरीपर्यंत शिक्षण झालं. बाकी सगळं सापळे लावताना, मासे धरताना, होड्या बांधताना. कोयुकॉन जाणत्यांनी त्यांना रानाची रीत शिकवली. अस्वलाचं नाव तिथं उघड घेत नाहीत, आडवळणानं बोलतात. आपल्या आज्या रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणायच्या, तसंच. ज्याला मारायचं त्याचाही मान राखायचा, हा त्यातला भाव मला फार मोलाचा वाटतो.

हेच शहाणपण घेऊन ते शिकार आणि मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या मंडळावर सुमारे २० वर्षं बसले. १९८९ साली अलास्का विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९९३ साली लेखक जिम रिअर्डन यांच्या साथीनं त्यांचं आत्मकथन आलं, ‘शॅडोज ऑन द कोयुकुक’.

पण त्यांचा जीव खरा गुंतला होता तो मुलांच्या शिक्षणात. युकॉन नदीवरच्या गलेना गावात चांगली शाळा हवी म्हणून ते झटले. डिसेंबर २०१५ मध्ये, वयाच्या शंभरीत, ते गेले. तिसरी शिकलेल्या या आजोबांचं नाव गलेनाच्या शाळेला आहे, आणि गावची पोरं रोज त्या शाळेत जातात.