मावशीचे तीन मॉनिटर

[सदाशिव पेठेतला वाडा. लाकडी जिना. वरून टायपिंगचा आवाज.]

या माडीवर माझ्या मावशीचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवण्याचं, काम चालतं. खोल्या दोन. पुढच्या खोलीत टेबल, मागच्या खोलीत प्रुफांचे गठ्ठे आणि लोणच्याच्या बरण्या. टेबलाखाली हा काळा डबा आहे, ज्याला आपण सगळे सरसकट सीपीयू म्हणतो. तो २०११ साली जुळवून घेतला. त्यात विंडोज ७ आहे आणि विंडोज ७ वर पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर.

हसू नका. पेजमेकर ७ निघालं २००१ मध्ये, त्यानंतर नवी आवृत्ती आलीच नाही, हे तिलाही माहीत आहे. पण तिच्याकडे पंधरा-वीस वर्षांची पुस्तकं साठलेली आहेत, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत जुळवलेली. ती फाइल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली, की मराठी प्रस्तावनेच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उमटते. आणि अशाच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी प्रकाशकाचा फोन येतो, तोही "परवा हवंय" म्हणून. त्यामुळे हा डबा हलत नाही. नेटची वायर मात्र तिने काढून ठेवली आहे, कारण जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. मजकूर येतो फोनवर आणि फोनमधून केबलने इकडे.

मजकूर म्हणजे काय, तर हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो. फोटो उघडायचा, एक ओळ वाचायची, पेजमेकरमध्ये जायचं, ती टाइप करायची, परत फोटो. गणपती ते दसरा दिवाळी अंकांची घाई असते, तेव्हा दिवसभर हेच. मागच्या वर्षी ती म्हणाली, "अरे, माझं निम्मं आयुष्य ऑल्ट-टॅबमध्ये चाललंय. दुसरा मॉनिटर लावून दे. आणि हो, कॉम्प्युटर बदल म्हणायचं नाही."

[कॅमेरा टेबलाखाली. टॉर्चचा उजेड. जळमटं, वायरींचा गुंता.]

बाजारात जाण्याआधी हे करायचं. गुडघ्यांवर बसायचं आणि डब्याची पाठ बघायची. मोबाइलने फोटो काढला तर मान वाचते.

ही निळी खाच व्हीजीएची. तीन ओळी, ओळीत पाच, अशी पंधरा भोकं. आयबीएमने ती १९८७ साली आणली आणि ती अजून आपल्या पाठीस लागलेली आहे. शेजारची लांबट पांढरी डीव्हीआय, १९९९ ची. आणि ही चपटी एचडीएमआय, ती टीव्हीमुळे सगळ्यांच्या ओळखीची.

खाचा तीन, म्हणजे मॉनिटर तीन लागतील, असा आम्ही सरळ हिशोब केला. तो चुकला. या डब्यातला प्रोसेसर इंटेलच्या दुसऱ्या पिढीचा आहे आणि त्याच्या पोटातलं ग्राफिक्स एका वेळी दोनच वेगळी चित्रं तयार करतं. मोरीत तीन नळ बसवले, पण वरच्या टाकीतून पाइप दोनच आलेत, तसं हे. तिसऱ्या खाचेत वायर घातली तर काही जळत-बिळत नाही. तिसरा मॉनिटर नुसता काळा राहतो आणि माणूस केबलला दोष देत बसतो. पुढच्या वर्षी आलेल्या तिसऱ्या पिढीला तीन चित्रं जमतात, पण त्यातली दोन डिस्प्लेपोर्ट नावाच्या वेगळ्या खाचेतून न्यावी लागतात. आणि त्या काळातल्या घरगुती मदरबोर्डांवर डिस्प्लेपोर्ट मिळणं म्हणजे नशीबच.

एकापेक्षा जास्त मॉनिटर ही काही नवी हौस नाही, हे जाता जाता सांगतो. ॲपलच्या मॅकिंटॉश टू वर १९८७ मध्येच दोन-दोन मॉनिटर लागत. विंडोजला ती सोय विंडोज ९८ पासून आली.

[लॅमिंग्टन रोड, दुपार. फुटपाथवर केबलींची भेंडोळी.]

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की पाच-सात मिनिटांवर लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण तोंडी अजून १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेला लॅमिंग्टनच. इथे मी जुना सतरा इंची चौकोनी मॉनिटर घेतला. मावशीने तोंड वाकडं केलं. तिच्याकडचा साडेअठरा इंची, रुंद. "आणि हा काय डबा आणलास?"

मग मी तिला आकडे दाखवले. तिच्या रुंद मॉनिटरवर आडवे १३६६ ठिपके आणि उभे ७६८. या चौकोनीवर आडवे १२८०, पण उभे १०२४. गुणाकार केला तर रुंदवर साडेदहा लाख ठिपके आणि चौकोनीवर तेरा लाखांच्या वर. पान वाचणाऱ्याला उंची लागते, रुंदी नाही. रुंद मॉनिटर सिनेमासाठी ठीक आहेत. हस्तलिखितासाठी जुना चौकोनी मॉनिटर मी कधीही पसंत करीन, आणि तो स्वस्तही पडतो.

[टेबलावर दोन कनेक्टर, अगदी जवळून.]

आता माझी फजिती. रुंद मॉनिटर निळ्या खाचेत होताच. चौकोनीसोबत दुकानदाराने व्हीजीए केबल दिली आणि ती डीव्हीआयमध्ये लावायला दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर. घरी आलो, तर तो बसेना.

ही चपटी पट्टी बघा. कन्व्हर्टरवर तिच्या भोवती चार बारीक पिना आहेत, दोन वर, दोन खाली. बोर्डावरच्या खाचेत पट्टीची चीर आहे, पण भोवतीची चार भोकं नाहीत. त्या चार पिनांतून व्हीजीएचा जुना, ॲनालॉग सिग्नल जातो. बोर्ड फक्त डिजिटल देतो, म्हणून त्याने ती भोकं ठेवलेलीच नाहीत. मी थोडा जोर लावून बघितला, हे कबूल करतो. तुम्ही लावू नका, पिना वाकतात. पुढे कळलं की चौकोनी मॉनिटरच्या पोटाखाली डीव्हीआयची खाच होतीच. दोन्हीकडे डीव्हीआय असलेली साधी केबल आणली आणि काम झालं. कन्व्हर्टर अजून खणात पडून आहे.

मावशीलाही एक धक्का बसला. व्हीजीएची केबल पुसताना ओरडली, "अरे, यातली एक पिन तुटलीय!" तुटलेली नव्हती. बऱ्याच केबलींत मधल्या ओळीतली नऊ नंबरची पिन मुळातच नसते.

[मॉनिटर सुरू होतो. माऊसचा बाण कडेला अडकलेला.]

चित्र आलं, पण बाण डाव्या कडेला जाऊन थटला. चौकोनी मॉनिटर टेबलावर डावीकडे आणि विंडोजच्या मते तो उजवीकडे. डेस्कटॉपवर राइट क्लिक, स्क्रीन रिझोल्यूशन. तिथे एक आणि दोन आकड्यांच्या चौकटी दिसतात. दोनची चौकट माऊसने ओढून एकच्या डावीकडे ठेवायची. चौकटी वर-खालीही सरकवून बघायच्या, कारण दोन्हींची उंची वेगळी, आणि बाण कोपऱ्यात पायरीला अडखळावा तसा अडखळतो. या कामाला दोन मिनिटं लागतात, पण लोक वर्षानुवर्षं ते न करता माऊसवर चिडत राहतात.

मग माझ्या डोक्यातून निघालं, की मॉनिटर उभा फिरवू. पान उभं, मॉनिटरही उभा. फिरवला. अर्ध्या तासाने मावशी म्हणाली, "याचा कागद डावीकडे पांढरा आणि उजवीकडे मळका दिसतोय." तिचं बरोबर होतं. या जुन्या स्वस्त पॅनेलांचा रंग वर-खालून बघताना बदलतो. मॉनिटर उभा केला की तोच दोष डाव्या-उजव्या बाजूला येतो आणि दोन डोळ्यांना दोन छटा दिसतात. परत आडवा केला.

[मावशीच्या समोरची रिकामी खुर्ची.]

तिसरा मॉनिटर या खुर्चीसाठी. इथे लेखक बसतात. बसतात म्हणजे बसत नाहीत, उठून मावशीच्या मागे येतात आणि तिच्या मानेवर श्वास सोडत वेलांट्या दाखवतात. तिचं म्हणणं, पक्कं झालेलं पान त्यांना त्यांच्या खुर्चीत दिसलं पाहिजे. जुळणी चालू असताना बघायचं नाही.

टाकीतून पाइप दोनच, म्हणून यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागलं. आम्ही जीटी ७१० घेतलं. त्याला पंखा नाही, म्हणून आवाज नाही. वीज १९ वॅट, म्हणजे एका एलईडी ट्यूबएवढी. कार्ड जिथे बसतं ती बोर्डावरची लांब खाच ७५ वॅटपर्यंत पुरवते, त्यामुळे जुना पॉवर सप्लाय बदलावा लागला नाही आणि वेगळी वायरही नको. खेळ खेळायचे असतील तर हे कार्ड विसरा. पानं जुळवायला ते भरपूर आहे. तुमचा डबा बारीक चणीचा असेल, तर मात्र कार्डाच्या पाठीला लावायची कमी उंचीची पट्टी सोबत मिळते का, हे दुकानातच विचारा.

[रंगाच्या ब्रशने धूळ काढणं. कार्ड खाचेत बसतं. 'टक्' असा आवाज.]

कार्ड बसवलं, नवा मॉनिटर त्याच्या एचडीएमआयला लावला, बटण दाबलं. नव्यावर चित्र आलं आणि जुने दोन्ही काळे. मावशी काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. दिवाळी अंकाचे दोन फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे दोन संच, छापायला जायचे होते.

घाबरायचं कारण नसतं. कार्ड दिसलं की असे बरेच बोर्ड आपलं स्वतःचं ग्राफिक्स बंद करून टाकतात. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगांत, जायचं आणि आतलं ग्राफिक्स चालू ठेवण्याचा पर्याय शोधायचा. आमच्याकडे त्याचं नाव आयजीपीयू मल्टी-मॉनिटर असं होतं. तुमच्याकडे दुसरं असेल. तो चालू केला, सेव्ह करून बाहेर पडलो, कार्डाचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर आणला होता, तो टाकला. तिन्ही उजळले.

[गुरुवार, दुपार. खुर्चीत एक लेखक. पंखा थांबतो. यूपीएसची टीटी.]

यूपीएस लहान, ६०० व्हीएचा. त्याच्यावर डबा आणि मधला मॉनिटर, एवढंच. बाकीचे दोन लाईट गेली की मिटतात. पण विंडोजला ते बहुधा कळत नाही. खिडक्या तिकडेच उघड्या राहतात, नुसत्या दिसत नाहीत.

बघा तिचा हात. विंडोज आणि शिफ्ट दाबून धरून उजवा बाण. डावीकडच्या काळ्या मॉनिटरवरचं हस्तलिखित उडी मारून मधल्यावर आलं. उरलेली दीड ओळ तिने टाइप केली, कंट्रोल-एस दाबलं.

समोर लेखक काळ्या मॉनिटरकडे बघत बसलेले. "गेलं का हो सगळं?"

"नाही," मावशी म्हणाली. "तुमच्याकडचंच गेलंय."