पायरी चढवण्याआधी पंप बघू

नमस्कार श्रोतेहो.

परवा दम्याच्या एक मावशी तपासायला आल्या. पिशवीतून दोन पंप काढून टेबलावर ठेवले. उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा निळ्यावर शून्य, दुसऱ्यावर अजून १८२. म्हणाल्या, "निळ्यानं लगेच मोकळं वाटतं हो डॉक्टर. दुसऱ्यानं काही वाटतच नाही."

काही वाटत नाही, पण खरं काम तोच करतो. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेली असते. निळ्यातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं आणि चार-सहा तासांत ओसरतं. सूज तशीच. ती उतरवतं दुसऱ्या पंपातलं स्टेरॉइड, सावकाश, दिवसांनी, आठवड्यांनी. दम्याच्या उपचारांची दिशा सांगणारी एक जागतिक संस्था आहे, योगायोगानं तिचं नाव 'जिना'! तिनं २०१९ मध्ये बजावलं, की मोठ्या माणसांना आणि १२ वर्षांवरच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका.

या जिन्याला उपचारांच्या पाच पायऱ्या. पहिल्या दोन पायऱ्यांवर स्टेरॉइड आणि श्वासनलिका मोकळी करणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप, त्रास होईल तेव्हाच. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तोच रोज, मात्रा वाढवत. पाचवीला तज्ज्ञच हवेत.

पण पायरी वाढवण्याआधी मी म्हणतो, पंप घेऊन दाखवा. मावशींनी आधी दाबला, मग श्वास ओढला. औषध जिभेवरच राहिलं! श्वास पूर्ण सोडायचा, हळू आत ओढू लागताच दाबायचं, मनात दहा अंक मोजेपर्यंत रोखायचा. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावायचा. शेवटी चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. मावशींची पायरी मी वाढवली नाही. तेच औषध, पण रोज आणि स्पेसरमधून.

"पंपाची सवय लागते, गोळी द्या," असं घरोघरी म्हणतात. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीत चाळीसपट, आणि तेही सगळ्या अंगभर फिरणारं. मग घाबरायचं कशाला, पंपाला की गोळीला?

तीन महिने रात्री खोकल्यानं जाग आली नाही, जिना चढताना धाप लागली नाही, की डॉक्टर एक पायरी खाली आणतात. आपणहून मात्र बंद करू नका.

आणि पंप घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. पंप घेत घेत तडक दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा.